रेझ्युमे सगळीकडे पाठवला, फोन एकाचाही नाही

पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळचा बार्शी तालुक्यातला. २०१९ साली मेकॅनिकल डिप्लोमा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चाकणला एका मोठ्या गाडी कंपनीत ठेकेदारामार्फत लागलो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि गावी परतलो. वडिलांचं ऑपरेशन, शेती, गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसणं, यात सव्वादोन वर्षं गेली. जुलै २०२२ पासून भोसरी एमआयडीसीत मशीनिंगच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. हातात १७ हजार पडतात. खोलीभाडं वाढलंय, घरी लग्नाचं बघतायत, म्हणून आता मोठ्या कंपनीत जायचंय. चार महिन्यांत शंभरावर ठिकाणी रेझ्युमे पाठवला, पण कुठूनच फोन नाही. मित्र म्हणतो गॅप दाखवू नको, गाडी कंपनीचाच अनुभव तीन वर्षं लिही. एक कन्सल्टन्सीवाला साडेतीन हजार भर म्हणतो. माझं इंग्रजी कच्चं आहे. आमच्याकडे एकदा बोअरच्या (पार्टमधल्या गोल भोकाच्या) साईजची कस्टमर कम्प्लेंट आली होती, तेव्हा कारण मी शोधलं होतं, पण असलं काही रेझ्युमेत लिहितात का? सोबत रेझ्युमे जोडलाय. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.
– एक वाचक, भोसरी

उत्तर:

ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीतच बोलते. तुझं पत्र आणि तुझा रेझ्युमे मी शेजारीशेजारी ठेवून वाचले. पत्रातला मुलगा मला आवडला. अजून भरतीचं काम करत असते तर त्याला लगेच बोलावलं असतं. रेझ्युमेत मात्र तो कुठे सापडत नाही. तिथे भलताच कुणीतरी आहे, ज्याला ‘आव्हानात्मक वातावरणात आपली कौशल्ये वापरायची’ आहेत आणि ज्याचे छंद गाणी ऐकणं आणि क्रिकेट हे आहेत. शंभर ठिकाणी गेला तो हा भलता माणूस.

मित्र म्हणतो अनुभव वाढवून लिही. अरे, तू तर जे केलंयस तेही लिहिलेलं नाहीस. आधी खरं ते पुरतं लिहू, मग बघू काही कमी पडतंय का.

पहिली अडचण मजकुराच्याही आधीची आहे. तू पाठवलेली फाईल म्हणजे छापलेल्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो, पीडीएफ करून ठेवलेला. सायबर कॅफेवाल्याने टाईप करून प्रिंट दिली आणि वर्ड फाईल त्याच्याच कॉम्प्युटरवर राहिली, असं झालं असणार. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचं हेच होतं. आता कंपनीच्या बाजूने बघ. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. एचआरची बाई किंवा कन्सल्टंट ते एकेक उघडून वाचत बसत नाही. ती कॉम्प्युटरवर शब्द टाकून शोधते: क्वालिटी इन्स्पेक्टर, मायक्रोमीटर, पीडीआय (माल पाठवण्याआधीची तपासणी), चाकण. ज्या फाईलमध्ये हे शब्द मजकूर म्हणून आहेत त्या वर येतात. फोटोत मजकूर नसतोच, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुझी फाईल शोधात आलीच नसेल. शंभर जणांनी तुला नाकारलं असं मनात धरून बसला असशील, तर ते काढून टाक. त्यातल्या कितीतरी जणांपर्यंत तू पोचलाच नाहीस.

तपासायची पद्धत सोपी आहे. मोबाईलवर पीडीएफ उघड आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धर. शब्द निळा झाला, कॉपी करता आला, तर ती मजकुराची फाईल. काहीच झालं नाही तर तो फोटो. मजकुराची असेल तर पुढची परीक्षा घे: सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोट्समध्ये पेस्ट कर. ओळी उलटसुलट झाल्या, डाव्या रकान्यातला फोन नंबर उजव्या रकान्यातल्या अनुभवात घुसला, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही साधारण तसंच दिसतं. म्हणून ते दोन रकान्यांचे रंगीत नमुने, कौशल्यांपुढे काढलेल्या चांदण्या आणि पट्ट्या, चौकटीत बसवलेला मजकूर हे सगळं टाळ. फोन नंबर पानाच्या हेडरमध्येही टाकू नको, काही सॉफ्टवेअर हेडर-फूटर वाचतच नाहीत. पांढरं पान, एकच रकाना, साधा फॉन्ट. फाईलचं नाव ‘न्यू डॉक १२’ आहे, तिथे तुझं नाव, काम आणि अनुभवाची वर्षं घाल. आणि वर्ड फाईल स्वतःच्या ईमेलवर ठेव, म्हणजे दर वेळी दुरुस्तीसाठी कॅफेवाल्याकडे जावं लागणार नाही.

आता मजकूर. वरचा ‘ऑब्जेक्टिव्ह’ मी वाचला. त्यात तुला ‘नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत’ करिअर करायचंय असं लिहिलंय. कुणाच्या तरी रेझ्युमेवरून कॉपी करताना ते तसंच राहून गेलं. खाली ‘टीएस १६९४९ ची माहिती’ अशी एक ओळ आहे, तीही उसनी आहे आणि जास्त महागात पडणारी आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगासाठीचं ते मानक २०१६ मध्ये बदललं. त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं, आणि जुनी टीएस प्रमाणपत्रं सप्टेंबर २०१८ नंतर चालेनाशी झाली. तुझा डिप्लोमाच २०१९ चा. समोर बसलेला क्वालिटी मॅनेजर स्वतः दर वर्षी ऑडिटला तोंड देतो. ही ओळ वाचून त्याला क्षणात कळणार की मुलाने न वाचता उतरवलंय. मग खाली तू लिहिलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. तुमच्या कंपनीच्या गेटवर किंवा ऑफिसच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असेल. उद्या जाता-येता बघ त्यावर कुठलं मानक आहे, आणि नेमकं तेच लिही. नुसतं आयएसओ ९००१ असेल तर आयएसओ ९००१. त्यात कमीपणा काही नाही.

‘ऑब्जेक्टिव्ह’ पूर्ण काढ. त्या जागी दोन ओळींत तू कोण ते सांग: मेकॅनिकल डिप्लोमा, मशीन्ड पार्ट्सच्या तपासणीचा तीन वर्षांहून जास्त अनुभव, कुठली मापनं हाताळतोस, भोसरीत राहतोस, किती दिवसांत रुजू होऊ शकतोस. शेवटची गोष्ट फार कामाची आहे. जॉब पोर्टलवर कन्सल्टंट नोटीस पिरियडची चाळणी लावूनच शोध घेतात. तुझा नोटीस पिरियड महिन्याचा असेल तर तसं लिही. नेमणूकपत्रात काय आहे ते आधी काढून बघ, अंदाजाने लिहू नको.

आता ज्या ओळीवर तुझं सगळं अवलंबून आहे तिच्याकडे येते. भोसरीच्या कंपनीपुढे तू लिहिलंयस: ‘क्वालिटीशी संबंधित सर्व कामे पाहणे.’ बस, एवढंच. तीन वर्षांहून जास्त रोज पहिल्या शिफ्टला उभं राहून केलेलं काम या एका ओळीत संपलं.

चल, ती ओळ उघडून बघू. तू इनवर्ड (बाहेरून येणारा माल) बघतोस, लाईनवर बघतोस की फायनल? तिन्ही करत असशील तर तिन्ही वेगवेगळं लिही, कारण मोठ्या कंपनीत हे तीन वेगळ्या माणसांचे विभाग असतात आणि जाहिरातही त्या-त्या कामाची निघते. पार्ट कुठले आहेत? बुश, शाफ्ट, फ्लँज, ब्रॅकेट, जे असेल ते. कुठल्या मशीनवर होतात, सीएनसी टर्निंग की व्हीएमसी? टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती बारीक? मापन कशाने करतोस? व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाईट गेज, प्लग गेज, थ्रेड गेज यांतलं जे स्वतःच्या हाताने वापरतोस तेवढंच लिही. सीएमएम (तिन्ही दिशांनी मोजणारं मापनयंत्र) दुसरा माणूस चालवतो आणि तू नुसता रिपोर्ट वाचतोस, तर ‘सीएमएम रिपोर्ट वाचता येतो’ असं लिही. सेटअप झाल्यावर पहिला पीस पास कोण करतं? तू करत असशील तर ती मोठी जबाबदारी आहे, कारण त्या सहीवर पूर्ण लॉट चालतो. आठवड्याचा रिजेक्शनचा तक्ता कोण भरतं? नव्या पोराला गेज कसं धरायचं ते कोण शिकवतं? ही उत्तरं एका कागदावर मराठीत उतरव. पानभर होईल, बघ.

आणि ती बोअरची तक्रार. ‘असलं काही लिहितात का’ असं विचारलंस. अरे, असलंच तर लिहितात! तुझ्या पत्रावरून माझा अंदाज असा: कस्टमरकडून बोअर लहान असल्याची तक्रार आली, तेव्हा बोरिंगचा इन्सर्ट (कापणारं टोक) घासला की बोअर हळूहळू कमी होत जातो हे कुणीतरी मधले पीस मापून लक्षात आणून दिलं असणार, आणि तो कुणीतरी तू होतास. मग त्यावर काय केलंत? तपासणी आधी किती पिसांनी एकदा होत होती, नंतर किती पिसांनी एकदा केलीत, इन्सर्ट बदलायचा आकडा ठरवलात का, तक्रार परत आली का? हे चार आकडे तुझ्या रजिस्टरमध्ये आहेत, तिथून काढ. रेझ्युमेतली ओळ अशी होईल: ‘बोअर अंडरसाईजच्या ग्राहक तक्रारीचं कारण (इन्सर्टची झीज) शोधलं, तपासणी दर इतक्या पिसांवरून इतक्यावर आणली, त्यानंतर इतके महिने तक्रार नाही.’ आकडे खरे घाल. आठवत नसेल तर आकडा गाळ, पण मनाने बनवू नको. या एका ओळीवर मुलाखत घेणारा दहा मिनिटं बोलेल, आणि ती दहा मिनिटं तुझ्या हातातली असतील, कारण तिथे तू स्वतः उभा होतास. तक्रारीचं कारण आणि उपाय नोंदवणारा आठ पायऱ्यांचा आठ-डी रिपोर्ट तुमच्याकडे भरला असेल आणि त्यात तुझा वाटा असेल तर तेही लिही.

लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार हे मात्र धरून चाल. व्हर्नियर लिहिलंस की लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारणार. साध्या व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१ हे तुला झोपेत येत असेल. बोअर गेज शून्यावर कसं सेट करतोस हे विचारतील. मास्टर रिंगवर करतोस की मायक्रोमीटरवर, ते सांगता आलं पाहिजे. ज्या गोष्टीवर दोन प्रश्नही झेलता येणार नाहीत ती रेझ्युमेतून काढ. तू ‘ऑटोकॅड, कॅटिया, सॅप’ असं ओळीने लिहिलंयस. यातलं काय येतं?

आता चाकणचा सात महिन्यांचा अनुभव आणि तुझ्या मित्राचा सल्ला. इथे मी कडक बोलणार आहे. तू गाडी कंपनीचं नाव ठळक अक्षरात लिहिलंयस आणि ठेकेदाराचं नाव कुठेच नाही. चाकणपासून रांजणगावपर्यंत हजारो मुलं हेच करतात, त्यात फसवायचा हेतूही नसतो. गणवेश कंपनीचा, कँटीन कंपनीची, काम कंपनीच्या लाईनवर, मग मुलाला वाटतं आपण त्या कंपनीतच होतो. पण तुझा पगार आणि पीएफ ठेकेदाराच्या फर्मने भरला. २०१४ पासून प्रत्येक पीएफ खातेदाराला एकच यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर) असायला हवा आणि त्याखाली कुठल्या आस्थापनेत कधी लागला, कधी सुटला याची नोंद राहते. मोठ्या कंपन्या ऑफर देताना किंवा दिल्यानंतर उमेदवाराची पडताळणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात आणि एजन्सी पहिल्यांदा हीच नोंद बघते. रेझ्युमेत गाडी कंपनी, तीन वर्षं. नोंदीत ठेकेदार फर्म, सात महिने. मग ऑफर मागे घेतली जाते. तोवर तू भोसरीचा राजीनामा देऊन बसलेला असतोस. नवी नोकरी हातात नसते आणि जुनीही गेलेली असते. असं झालेली मुलं मी समोर बसून रडताना पाहिली आहेत. कामात चांगली होती ती. म्हणून सांगते, मित्राचं ऐकू नको.

योग्य पद्धत ही: पहिल्या ओळीत ठेकेदार फर्मचं नाव आणि सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२०. त्याच्याखाली ‘कामाचं ठिकाण’ म्हणून गाडी कंपनीचा चाकण प्लांट आणि तुझी लाईन. कंपनीचं नाव येतंच आहे, वाचणाऱ्याला अनुभवाची किंमत कळतेच आहे, आणि पडताळणीत अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. मोठ्या प्लांटची शिस्त, टाक्ट टाईम (एका पीसला ठरलेला वेळ), पोकायोके (चूक होऊच नये अशी रचना), शिफ्ट हँडओव्हर यांतलं जे तिथे शिकलास ते दोन ओळींत लिही.

रेझ्युमे पाठवायच्या आधी उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावर तुझी सर्व्हिस हिस्टरी उघड. तीन गोष्टी बघ. दोन्ही नोकऱ्या एकाच यूएएनखाली आहेत का; पुष्कळदा दुसऱ्या कंपनीने विचारपूस न करता नवा नंबर काढलेला असतो आणि माणसाचे दोन यूएएन झालेले असतात. ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का. ती टाकलेली नसेल तर कागदोपत्री तू अजून तिथेच आहेस आणि भोसरीतही आहेस असं दिसतं. ही तारीख आता सदस्याला स्वतः टाकता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झालेले असले आणि आधारला जोडलेला मोबाईल हातात असला की झालं. तिसरं म्हणजे नाव आणि जन्मतारीख डिप्लोमाच्या प्रमाणपत्राशी, आधारशी जुळते का. वडिलांचं नाव मधे असणं-नसणं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, यावरून आपल्याकडे किती कामं अडतात ते तुला माहीत असेल. रेझ्युमेवर प्रमाणपत्रावरचंच नाव घाल. ठेकेदाराकडे अनुभवाचं पत्र माग, तो तुझा हक्क आहे. त्याने टोलवाटोलवी केली तर त्या काळातल्या पगाराच्या पावत्या, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, गेटपास जपून ठेव.

(हे वाचणाऱ्यांत अप्रेंटिस म्हणून वर्ष काढलेली मुलंही असतील. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ते वर्ष केलं असेल तर पीएफ कापला जात नाही, त्यामुळे ते सर्व्हिस हिस्टरीत दिसणार नाही. त्यांनी अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र सांभाळावं आणि रेझ्युमेतही ‘अप्रेंटिस’ असंच लिहावं.)

गॅपची तुला जितकी लाज वाटते तितकी ती वाटण्याजोगी गोष्ट नाही. एप्रिल २०२० पासून पुढचा काळ कसा गेला हे भरती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यांच्याही घरात तेच चाललं होतं. त्रास गॅपचा होत नाही, तो लपवल्याचा होतो. तू सगळीकडे नुसती वर्षं लिहिलीस, ‘२०१९–२०’, ‘२०२२ पासून’. महिने गाळले की वाचणाऱ्याला शंकाच येते. महिन्यासकट तारखा लिही आणि मधल्या काळासाठी एक ओळ दे: ‘वडिलांचं आजारपण व घरची शेती, या काळात गावातील दूध संकलन केंद्रावर काम.’

आणि त्या दूध केंद्राबद्दल. पत्रात तू ‘बसणं’ असं लिहिलंयस. मी खेड्यातली संकलन केंद्रं पाहिली आहेत. सकाळ-संध्याकाळ रांग लागते, प्रत्येकाचं दूध मोजायचं, नमुना घ्यायचा, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) बघायचा, त्यावरून भाव लागतो, नोंद करायची, आणि आकडा कमी आला की गावातलाच माणूस समोर उभा राहून भांडतो. नमुना घेणं, मापन करणं, नोंद ठेवणं आणि आकड्यावर ठाम राहणं. क्वालिटी इन्स्पेक्टरचं काम वेगळं काय असतं? रोज साधारण किती उत्पादकांचं दूध यायचं ते एका आकड्यात लिही. केंद्र कुणाचं होतं, पैसे मिळायचे की घरचं म्हणून करायचास, विचारलं तर सरळ सांग. याला ‘डेअरी क्वालिटी एक्झिक्युटिव्ह’ वगैरे नाव मात्र देऊ नको.

बाकीची साफसफाई पटकन सांगते. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वजन-उंची, सगळं काढ. सरकारी भरतीच्या अर्जात यातलं काही लागतं, ते तिथल्या फॉर्ममध्ये विचारतात तेव्हा भरायचं. आधार आणि पॅन नंबर तर आजच काढ. शंभर अनोळखी ठिकाणी तू ते वाटले आहेस. यापुढे नोकरी नक्की झाल्यावर, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर मागतील तेव्हाच द्यायचे. गावचा पूर्ण पत्ता नको, ‘भोसरी, पुणे’ पुरे, आणि तो वर असू दे, कारण तुझ्या रेझ्युमेत बार्शीचा पत्ता ठळक आहे आणि चाकणच्या माणसाला वाटतं मुलगा सोलापूर जिल्ह्यात आहे, आज बोलावला तर येणार कसा. ईमेल आयडी कॉलेजातल्या टोपणनावाचा आहे, नावाचा नवा काढ. खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र आणि सही नसली तरी चालतं. छंद काढ. दहावीची एक ओळ ठेव, डिप्लोमाच्या टक्क्यांसकट एक ओळ. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच. हे सगळं गेलं की दोन पानांचं एक पान होईल, आणि तुझ्या अनुभवाला एकच पान हवं.

इंग्रजीची भीती मला तुझ्या रेझ्युमेतल्या अवघड शब्दांवरूनच कळली. ज्याला इंग्रजी येत नाही असं वाटतं तो ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’, ‘सिनर्जी’ असे शब्द उचलून आणतो. शॉप फ्लोअरचं इंग्रजी तुला चांगलं येतं, दिवसभर तेच तर बोलतोस. चेक केलं, मेझर केलं, रिपोर्ट केलं, रिजेक्ट केलं, ट्रेनिंग दिलं, या पाच क्रियापदांवर तुझा अख्खा अनुभव लिहून होतो. आधी मराठीत लिही, मग छोट्या वाक्यांत इंग्रजी कर. एआयची मदत घेतलीस तरी हरकत नाही, पण आधी तुझं मराठी त्याला दे आणि साधं इंग्रजी माग. नुसतं ‘क्वालिटी इंजिनिअरचा रेझ्युमे लिहून दे’ म्हणालास तर तो तुला न केलेली कामंसुद्धा सुंदर भाषेत लिहून देईल. शेवटी कुणाकडून तरी स्पेलिंग तपासून घे. ‘कॅलिपर’चं स्पेलिंग तुझ्याकडे दोन ठिकाणी दोन प्रकारे आहे. क्वालिटीच्या माणसाचा स्वतःचा कागद तरी बिनचूक हवा, असं समोरचा मनात म्हणतोच. भाषांच्या ओळीत ‘फ्लुएंट इंग्लिश’ काढून ‘मराठी, हिंदी, इंग्रजी वाचता-लिहिता येतं’ असं लिही.

शंभर ठिकाणी एकच रेझ्युमे पाठवलास, त्यात तुझ्या कामाशी न जुळणाऱ्या जागाही असणार. तेवढी दमछाक करू नको. आठवड्याला दहाच जागा निवड, ज्यांची जाहिरात तुझ्या कामाशी जुळते. जाहिरातीत ‘लाईन इन्स्पेक्शन’ म्हटलं असेल तर तुझी लाईन इन्स्पेक्शनची ओळ वर घे. त्यांचाच शब्द वापर. चाकण-तळेगाव पट्ट्यात महिंद्रा, बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगनसारख्यांना माल पुरवणारे कितीतरी कारखाने आहेत. पगारात तुझी पुढची उडी बहुधा तिथेच आहे, थेट गाडी कंपनीत शिरण्यापेक्षा तिथला दरवाजा लवकर उघडतो. पोर्टलवरचं प्रोफाईल आठवड्याला एकदा उघडून काहीतरी ताजं कर, कारण शोधणारे ‘अलीकडे सक्रिय’ उमेदवारांचीच यादी काढतात.

पगार रेझ्युमेत लिहायचा नाही, पण फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारतात. तू १७ गुणिले १२ करून दोन लाख चार हजार सांगशील आणि तिथेच कमी पडशील. हातात येतात ते कापून आलेले. सीटीसीमध्ये (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तुझा कापलेला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), कंपनीने तिच्या बाजूने भरलेला पीएफ आणि ईएसआय, वर्षाचा बोनस, सगळं धरतात. पगाराची पावती आणि नेमणूकपत्र घेऊन बस आणि खरा आकडा काढून ठेव. तोही पडताळणीत बघतात, म्हणून फुगवायचा नाही आणि कमीही सांगायचा नाही.

कन्सल्टन्सीला एक रुपया देऊ नको. खऱ्या कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, आणि ते थोडेथोडके नसतात. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा बाजारातला नेहमीचा दर आहे. तुझ्यासारखा कामाचा मुलगा मिळाला तर त्याचाच फायदा. जो तुझ्याकडे रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, गणवेश, मेडिकल या नावाने मागतो त्याचा धंदा तुझे साडेतीन हजार हाच आहे. ‘हमखास’ म्हणणाऱ्याला तर कंपनीचं नाव आणि ऑफर लेटरचा ईमेल आयडी विचार, बोलणं तिथेच थांबेल. आधी भरले असतील आणि आता फोन उचलत नसेल तर पावती, मेसेज, ऑनलाईन पेमेंटचा तपशील घेऊन पोलिसांत तक्रार दे. ऑनलाईन भरलेल्या पैशांसाठी १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथे जितक्या लवकर फोन होईल तितकं चांगलं.

त्यापेक्षा एक फोन दुसरीकडे कर. तुमच्या कंपनीतून गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी ना कुणी मोठ्या ठिकाणी गेलंच असेल, एखादा सीनियर, सुपरवायझर, कस्टमरकडचा एसक्यूएचा (पुरवठादारांची क्वालिटी बघणारा) माणूस जो तुमच्याकडे ऑडिटला यायचा. त्यांनी तुझं काम डोळ्यांनी पाहिलंय. पुष्कळ कंपन्या आतल्या माणसाने सुचवलेला उमेदवार आधी बघतात. आपल्या मुलांना असं विचारायचा फार संकोच वाटतो, उपकार मागितल्यासारखं वाटतं. तू नोकरी मागू नको. ‘सर, मी बदल बघतोय, तुमच्याकडे क्वालिटीत जागा निघाली तर कळवाल का, रेझ्युमे पाठवून ठेवू का,’ एवढंच विचार. एसक्यूएच्या माणसाला विचारताना मात्र आपल्या मालकाच्या कानावर जायला नको, हे बघूनच बोल.

नवा रेझ्युमे झाला की तुमच्याच कंपनीतल्या एखाद्या विश्वासू ऑपरेटरला वाचायला दे. त्याला विचार, यात मी न केलेलं काही आहे का, आणि केलेलं काही राहिलंय का. राहिलेलं तोच सांगेल.